भूकंप कधी येणार, हे मला विचारू नका

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर गैरसमज नको. मुंबईत भूकंप कधी येणार हे मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. ज्या काकांनी तो मेसेज तुम्हाला फॉरवर्ड केला त्यांना नाही, ज्याने त्यांना पाठवला त्याला नाही, आणि ज्या नासाच्या नावाने तो फिरतोय त्या नासालाही नाही. (नासा हे काम करतही नाही. अमेरिकेत भूकंपांचं खातं यूएसजीएसकडे आहे. पण फॉरवर्ड लिहिणाऱ्याला "नासा" एवढं एकच इंग्रजी खातं ठाऊक असतं, त्याला कोण काय करणार.)

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे मी भूकंप "बघतो". गेली सहा-सात वर्षं हा माझा छंद आहे. कुणी पक्षी बघतं, कुणी क्रिकेटचे स्कोअर पाठ करतं, मी जगभरचे भूकंप बघतो. यूएसजीएस आपली यादी सगळ्यांना फुकट देते, दर काही मिनिटांनी अपडेट होणारी. मी पायथनची एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आहे. ती ठरावीक वेळाने ती यादी खेचते आणि माझ्या फायलीत भरते. भारतातल्या नोंदींसाठी आपल्या सरकारचं नॅशनल सेंटर फॉर सिस्मॉलॉजी आहे, त्यांचं ॲप आहे. युरोपवाल्यांचं ईएमएससी आहे. तिन्हीकडचे आकडे शेजारी ठेवले की एकाच भूकंपाची मॅग्निट्यूड तीन ठिकाणी तीन वेगवेगळी दिसते, खोली तर विचारूच नका. मोजमाप म्हणजे काय असतं, हे मला चार वर्षांच्या इंजिनिअरिंगपेक्षा या यादीने जास्त शिकवलं.

पण छंद कळला की लोकांचा प्रश्न एकच. ऑफिसात, लग्नात, लिफ्टमध्ये. "अरे, तू ते भूकंपाचं बघतोस ना? मग मुंबईत कधी?"

हा प्रश्नच चुकीचा आहे, असं माझं म्हणणं आहे. नुसता चुकीचा नाही, घातक आहे. कारण तो विचारण्यात आपण इतके रमतो की जो प्रश्न विचारायला हवा तो राहूनच जातो. तो कुठला, ते सांगतो. आधी भविष्यवाल्यांचा हिशेब करून टाकू.

जगात एका वर्षात किती भूकंप होतात? सरासरी धरा: ८ आणि त्यावरचा साधारण एक. ७ ते ७.९ चे पंधरा. ६ ते ६.९ चे सव्वाशे-दीडशे. ५ ते ५.९ चे तेराशेच्या आसपास. ४ ते ४.९ चे दहा हजारांच्या वर. एक पायरी खाली उतरा, संख्या साधारण दहापट होते. याला गुटेनबर्ग-रिश्टर नियम म्हणतात. माझ्या फायलीतसुद्धा हा उतार असा दिसतो की पट्टी लावून रेघ मारावी.

आता हे बघा. ६ च्या वरचे वर्षाला दीडशे, म्हणजे आठवड्याला जवळपास तीन. मी आज उठून जाहीर केलं की "येत्या सात दिवसांत पृथ्वीवर कुठेतरी ६ च्या वरचा भूकंप होणार", तर ते खरं ठरण्याची शक्यता ९४-९५ टक्के आहे. बारावीतलं प्रोबॅबिलिटीचं गणित आहे, करून बघा. "येत्या महिन्यात ७ च्या वरचा" म्हणालो तरी ७० टक्के. कुठलाही ग्रह बघितला नाही, कुठलाही मुंग्यांचा वारूळ बघितला नाही. नुसती सरासरी बघितली. आणि "पॅसिफिकच्या कडेला" एवढं जोडलं तर लोक म्हणतील, काय अचूक सांगतो बघा! बहुतेक भूकंप तिथेच होतात हो. टोंगा, जपान, इंडोनेशिया, चिली. तिथे भूकंप होणार हे सांगणं म्हणजे सकाळी पावणेनऊला बोरिवली स्टेशनवर गर्दी होणार हे सांगणं.

२०२३ मध्ये काय झालं आठवा. ६ फेब्रुवारीला तुर्कस्तानात ७.८ चा भूकंप झाला, त्याच दिवशी काही तासांनी ७.५ चा दुसरा. तुर्कस्तान आणि सीरिया मिळून पन्नास हजारांवर माणसं गेली. आणि तीन दिवस आधीची फ्रँक हूगरबीट्स नावाच्या एका डच गृहस्थाची पोस्ट जगभर फिरली, की बघा, याने सांगितलं होतं. ग्रहांच्या स्थितीवरून सांगतो म्हणे. ती पोस्ट नीट वाचा. तुर्कस्तानचा दक्षिण-मध्य भाग, जॉर्डन, सीरिया, लेबनॉन या टापूत "आज ना उद्या" साडेसातच्या आसपासचा भूकंप होईल, असा तिचा मतलब होता. आज ना उद्या! दोन प्रचंड फॉल्टवर वसलेल्या टापूबद्दल "आज ना उद्या" हे कुठलाही भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी सांगेल. त्यात तारीख कुठे आहे? पुढच्या काही दिवसांत त्याच माणसाच्या नावाने भारत-पाकिस्तानचेही व्हिडिओ फिरले. आमच्या ऑफिसात एका शहाण्याने त्यावरून कॅन्टीनमध्ये चर्चासत्र घेतलं होतं.

आपल्यापैकी ज्यांनी प्रॉडक्शन सपोर्ट केला आहे त्यांना हे लगेच कळेल. समजा एक अलर्ट रोज वाजतो. रोज. मग एक दिवस सर्व्हर खरंच पडतो. तेव्हा "बघा, माझा अलर्ट वाजला होता" म्हणणाऱ्याला तुम्ही प्रमोशन द्याल का? तुम्ही विचाराल, बाबा रे, किती वेळा उगाच वाजला? आणि किती वेळा सर्व्हर पडला तेव्हा गप्प होता? कामावर साध्या डिस्क स्पेसच्या अलर्टला आपण हे दोन प्रश्न लावतो. घरी फोनवर भूकंपाचं भविष्य आलं की तेच आपण दोन्ही विसरून "फॉरवर्डेड मेनी टाइम्स" करतो. २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतर तर तास-मिनिटांसकट मेसेज फिरले होते, पुढचा धक्का अमुक वाजता. लोक रात्री लहान मुलं घेऊन मैदानात बसले. त्या मेसेजवाल्यांपैकी कुणी नंतर माफी मागितल्याचं ऐकलंय?

आता कुणीतरी म्हणेल, अरे पण चीनमध्ये सांगितलं होतं ना. हो, हाइचंग, ४ फेब्रुवारी १९७५. आधी छोट्या धक्क्यांची रांग लागली होती, लोकांना घराबाहेर काढलं, मग ७ च्या वरचा भूकंप झाला, आणि हजारो जीव वाचले. खरी गोष्ट आहे. पण गोष्ट तिथे थांबवू नका. पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ ला, त्याच देशात तांगशान. तिथे असे धक्के आधी आले नाहीत. सरकारी आकड्याने दोन लाख बेचाळीस हजार माणसं झोपेत गेली. कॅलिफोर्नियात पार्कफील्ड नावाचं गाव आहे. तिथे साधारण दर बावीस वर्षांनी ६ चा भूकंप होत आला होता. शास्त्रज्ञांनी तिथे जगातली भारीतली भारी यंत्रं पेरली आणि सांगितलं, १९९३ च्या आत येणार. आला २००४ च्या २८ सप्टेंबरला. त्यांच्याकडे फॉल्ट होता, इतिहास होता, यंत्रं होती, पैसा होता. अकरा वर्षांनी चुकले. आणि आपण काकांच्या मेसेजवर विश्वास ठेवतो.

हे झालं "येणार" म्हणणाऱ्यांचं. पण माझं खरं भांडण त्यांच्याशी नाहीच. ते निदान हास्यास्पद आहेत. माझं भांडण "येणार नाही" म्हणणाऱ्यांशी आहे. ते सुशिक्षित असतात, शांत असतात, आणि सोसायटीच्या कमिटीवर असतात.

त्यासाठी आपल्याच लाइनीवर जरा उत्तरेला जाऊ. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत जाते. बोरिवलीहून साधारण नव्वद किलोमीटर. नोव्हेंबर २०१८ पासून त्या डहाणू-तलासरी पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, जमीन हलायला लागली. एकदा-दोनदा नाही. महिनोन् महिने, दिवसात अनेकदा. बहुतेक धक्के छोटे, पण इतके उथळ की तोफ उडाल्यासारखा आवाज यायचा. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१, १ मार्चला ४.३. हैदराबादच्या एनजीआरआयने आणि नॅशनल सेंटरने तिथे भूकंपमापक नेऊन बसवले, हजारो धक्क्यांची नोंद झाली. याला शास्त्रज्ञ भूकंपांचा थवा म्हणतात. एक मोठा आणि मागून त्याची पिलावळ असं नसतं, सगळे साधारण सारख्याच वजनाचे येत राहतात.

माझा छंद तिथून सुरू झाला. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो आणि वर्गात डहाणूकडचा एक मुलगा होता. त्याच्या घरचे ऐन थंडीत अंगणात ताडपत्रीखाली झोपत होते. तो सकाळी यायचा आणि सांगायचा, काल रात्री सात. मी त्याचे सात यादीत शोधायचो, तर एक किंवा दोन सापडायचे. बाकीचे इतके लहान की जगाच्या यादीत त्यांना जागाच नाही. ज्या धक्क्याने त्याची आजी रात्रभर जागी होती तो वॉशिंग्टनच्या दृष्टीने झालाच नव्हता.

१ फेब्रुवारीच्या त्या धक्क्यात दोन वर्षांची एक मुलगी गेली. छप्पर पडून नाही. घाबरून सगळे बाहेर पळाले त्या धावपळीत ती पडली, दगडावर. ४.१ चा भूकंप जगात दिवसाला डझनांनी होतात. माझ्या फायलीत ती एक ओळ आहे, अक्षांश, रेखांश, खोली, मॅग्निट्यूड. त्यात तिच्यासाठी कॉलम नाही.

त्या काळात मुंबईत दोन प्रकारचे लोक भेटत. एक म्हणायचे, आता मोठा येणार, मुंबई बुडणार. दुसरे म्हणायचे, छे, उलट बरं आहे, छोटे धक्के बसले की ताण निघून जातो, मोठा येत नाही. हे दुसरं वाक्य मी बी.ई. झालेल्या, एम.बी.ए. झालेल्या माणसांकडून शंभरदा ऐकलंय. म्हणून त्याचं गणित एकदा मांडतोच. मॅग्निट्यूडची एक पायरी म्हणजे ऊर्जा साधारण बत्तीस पट. किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता. पालघरमधला मोठा ४.३. फरक १.९. म्हणजे एका किल्लारीएवढी ऊर्जा "निघून जायला" ४.३ चे साधारण सातशे धक्के लागतील. ३.२ चे असतील तर बत्तीस हजारांच्या आसपास. ताण असा सुट्ट्या पैशात फिटत नाही, मंडळी.

मग मोठा येणार होता का? तेही सांगता येत नव्हतं. इथेच खरी गंमत आहे, किंवा खरी भीती म्हणा.

तीन ठिकाणं शेजारी ठेवा. पहिलं पालघर. धक्के वर्षानुवर्षं येत-जात राहिले, पण त्या थव्यातून विध्वंसक असा मोठा भूकंप काही उभा राहिला नाही. दुसरं किल्लारी. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे असेच धक्के बसत होते. लोक घाबरले, बातम्या आल्या, मग धक्के ओसरले. सगळं शांत. आणि पुढच्या वर्षी ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा मिळून जवळपास दहा हजार माणसं. तिसरं इटलीतलं लाक्विला. महिनोन् महिने छोटे धक्के. एक हौशी तंत्रज्ञ रेडॉन वायू मोजून "येणार, येणार" म्हणत होता. त्याने आठवडाभर आधी दाखवलेलं गाव पन्नासेक किलोमीटर लांब होतं. त्याचं ऐकून लोक पळाले असते तर कदाचित लाक्विलाकडेच पळाले असते. उलट एका सरकारी अधिकाऱ्याने लोकांना सांगितलं, काळजीचं कारण नाही. ६ एप्रिल २००९ ला पहाटे ६.३ चा भूकंप झाला, ३०९ माणसं गेली. पुढे खटला चालला, २०१२ मध्ये शास्त्रज्ञांना शिक्षा झाली, २०१४ मध्ये अपिलात सहा जण सुटले. दिलासा देणाऱ्या त्या अधिकाऱ्याची शिक्षा मात्र कमी होऊनही टिकली.

तिन्हीकडे सुरुवातीचा सिग्नल सारखाच. छोटे धक्के. शेवट तीन तऱ्हेचे. त्या क्षणी यादी बघणाऱ्या माणसाला, मग तो बोरिवलीतला मी असो की हैदराबादचा शास्त्रज्ञ, यातला कुठला शेवट होणार हे सांगता आलं नसतं. म्हणून "येणार" हे जितकं खोटं, तितकंच "येणार नाही" हेही खोटं. पहिल्याला आपण अंधश्रद्धा म्हणतो. दुसऱ्याला मात्र आपण प्रॅक्टिकल विचार म्हणतो. ही आपल्या वर्गाची सोय आहे.

आणि आता तो राहिलेला प्रश्न. "कधी" नाही. "मी ज्यात झोपतो ते कशावर उभं आहे?"

कारण भूकंप माणसं मारत नाही, घरं मारतात. घासून गुळगुळीत झालेलं वाक्य आहे, पण आकडे काढून बघा. २०१० सालातले दोन भूकंप घ्या. जानेवारीत हैती, ७.०. फेब्रुवारीत चिली, ८.८. चिलीची ऊर्जा साधारण पाचशे पट. चिलीत पाचशेच्या आसपास माणसं गेली, त्यातही बरीच त्सुनामीत. हैतीत, सगळ्यात कमी अंदाज धरला तरी लाखाच्या घरात. पाचशे पट ऊर्जा आणि मृत्यू दोनशेव्या हिश्शाने. अशी उलटी गिनती दैवामुळे होत नाही. चिलीने १९६० चा ९.५ चा भूकंप खाल्ला होता, नियम केले होते, आणि मुख्य म्हणजे पाळले होते.

किल्लारीत काय पडलं? दगडाच्या दोन-दोन, तीन-तीन फुटी भिंती, मातीत रचलेल्या, वर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात गारेगार. भूकंपात वरून शेकडो किलो माती आणि बाजूने दगड. आणि तो भाग तेव्हाच्या सरकारी नकाशात कुठल्या झोनमध्ये होता? सगळ्यात सुरक्षित, झोन एक. २००२ मध्ये नकाशा बदलला, झोन एक रद्दच झाला, किल्लारी तीनमध्ये गेलं. नकाशा भूकंपाच्या मागून आला. कोयनेचंही तेच. तिथे धरण होईपर्यंत हा सगळा दख्खनचा टापू "स्थिर" म्हणून शिकवला जायचा. पाणी भरायला लागलं, धक्के सुरू झाले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३. दीडशेच्या वर माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त. धरणामुळे उद्भवलेला जगातला सगळ्यात मोठा भूकंप म्हणून तो आजही पुस्तकात आहे.

"बरं, पण किल्लारी म्हणजे मातीची घरं. आपण आरसीसीत राहतो." हे वाक्य आलंच. तर मग २६ जानेवारी २००१ बघा. भूज, ७.७. केंद्र भचाऊजवळ. अहमदाबाद तिथून दोनशे किलोमीटरहून लांब. आणि अहमदाबादेत आरसीसीच्या बहुमजली इमारती पडल्या, तळमजला अधिक चार, तळमजला अधिक दहा. सातशेहून जास्त माणसं त्या एका शहरात गेली. मातीच्या घरातली नव्हेत. तुमच्या-माझ्यासारखी, ईएमआय भरणारी. पडलेल्या कितीतरी इमारतींमध्ये एक गोष्ट समान होती. तळमजल्यावर भिंती नाहीत. नुसते कॉलम. कशासाठी? पार्किंगसाठी.

जरा खिडकीतून बाहेर बघा. शिंपोली, वझिरा नाका, दौलतनगर, आयसी कॉलनी, कुठेही उभे राहा. खाली स्टिल्ट, वर घरं. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींचा आधार, ते एका ठोकळ्यासारखे कडक. खालचा मजला काडीपेटीच्या चार काड्यांवर. बाजूने झटका बसला की सगळी वाकण्याची शिक्षा त्या एका मजल्याला. इंजिनिअर याला सॉफ्ट स्टोरी म्हणतात. असं बांधूच नये असं नाही. बांधता येतं, पण मग ते कॉलम तसे डिझाइन करावे लागतात. आणि जिथे स्टिल्ट नाही तिथे तळमजल्याच्या भिंती पाडून दुकानाचे गाळे मोठे केलेले असतात. परिणाम तोच.

आता तुमच्या बिल्डिंगचं वय बघा. आरसीसीत भूकंपाचा मार सोसण्यासाठी सळ्या कशा बांधायच्या, याचं भारतीय मानक, आयएस १३९२०, हे १९९३ चं आहे. बोरिवलीतली निम्मी ओळखीची बिल्डिंग त्याआधीची निघेल. त्या मानकात साध्या-साध्या गोष्टी आहेत. कॉलममधल्या उभ्या सळ्यांभोवती ज्या रिंगा असतात त्यांची टोकं १३५ अंशात आत वळवलेली हवीत, ९० अंशात नुसती दुमडलेली नकोत. बीम आणि कॉलम मिळतात तिथे रिंगा जवळजवळ हव्यात. का, तर जोराचा झटका बसल्यावर काँक्रीट फुटेल, पण रिंगा उघडल्या नाहीत तर आतला गाभा धरून ठेवतील. बिल्डिंग वाकडी होईल, भेगाळेल, राहण्यालायक उरणार नाही, पण तुम्ही जिन्याने चालत खाली याल. मानकाचं वचन एवढंच असतं. बिल्डिंग वाचेल असं नाही, तुम्ही वाचाल. आणि हे काम महागडं नाही. ते फक्त स्लॅब भरण्याआधी कुणीतरी जाऊन बघायचं असतं. स्लॅब भरला की पुढची पन्नास वर्षं ते कुणालाच दिसत नाही.

मी आमच्या सोसायटीच्या सभेत हे विचारलं होतं. ऑडिट झालं होतं. तीस वर्षांवरच्या इमारतींना महापालिका कायद्याने स्ट्रक्चरल स्थैर्याचं प्रमाणपत्र लागतंच. रिपोर्टात गळती होती, गंजलेल्या सळ्या होत्या, प्लास्टर होतं, टेरेसचं वॉटरप्रूफिंग होतं. भूकंप हा शब्द नव्हता. मी विचारलं, खालचे कॉलम बाजूच्या धक्क्याला किती पुरतील हे तपासलं का? सेक्रेटरी हसले. "मुंबईत भूकंप होत नाही हो." मग विषय पार्किंगच्या स्टिकरवर गेला आणि तिथे पाऊण तास रमला.

मुंबईत भूकंप होत नाही! २००२ च्या नकाशात मुंबई झोन तीनमध्ये आहे. म्हणजे किल्लारी नंतर जिथे टाकलं, त्याच झोनमध्ये. भूजचा धक्का इथे जाणवला होता, कोयनेचाही. बरं, जुन्या याद्यांमध्ये मुंबईला एक भयंकर भूकंपही चिकटवलेला आहे, २६ मे १६१८ चा, दोन हजार मृत्यूंसह. अभ्यासकांनी मूळ वर्णनं वाचली तर ते बहुधा वादळ निघालं. ही नोंद मी मुद्दाम सांगतोय. माझ्या बाजूचा आहे म्हणून मी खोटा भूकंप वापरणार नाही. मुंबईखाली उद्या ७ चा येईल असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला कुठलाही आधार नाही. मी एवढंच म्हणतोय की ६ चा येणं अशक्य आहे असं म्हणायलाही आधार नाही. किल्लारीला तो होता असं वाटत होतं.

आणि जमीनही सगळीकडे सारखी नसते. बोरिवलीच्या पूर्वेला नॅशनल पार्कचा खडक, पश्चिमेला गोराईची खाडी. मऊ, भरावाच्या जमिनीत हादरा वाढतो, लांबतो. १९८५ मध्ये भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरवर असताना मेक्सिको सिटीत हजारो माणसं गेली, कारण शहर जुन्या तळ्याच्या गाळावर आहे. आपल्या टॉवरच्या ब्रोशरमध्ये "क्रीक व्ह्यू" असतो. त्या व्ह्यूच्या खाली काय आहे, ते नसतं.

"मग तुझ्या या यादीचा उपयोग काय?" असा प्रश्न येईल. रास्त आहे. हौशी माणसाने शास्त्रज्ञ असल्याचा आव आणू नये. घरी ठेवायचे छोटे भूकंपमापक आता मिळतात, रास्पबेरी शेक म्हणून. पण आमच्या घरी तो लावला तर विरार फास्ट, लिफ्ट आणि गोविंदाचा डीजे एवढंच नोंदेल. पण यादी रोज बघितली की दोन गोष्टी अंगात मुरतात. एक, पृथ्वी सतत हलतेय, तिला कुणाचा मुहूर्त लागत नाही. दोन, तोच आकडा एका गावात बातमीसुद्धा होत नाही आणि दुसऱ्या गावात सामूहिक चिता पेटवतो. ही दुसरी गोष्ट एकदा दिसली की "कधी" या प्रश्नातला रस आपोआप जातो.

हो, इशारा आणि भविष्य यांत गल्लत नको. जपानसारखी इशाऱ्याची यंत्रणा भविष्य सांगत नाही. भूकंप झालेला असतो, पहिल्या हलक्या लाटा वेगाने पोचतात, मोडतोड करणाऱ्या मागून येतात, त्यामधल्या सेकंदांत फोन वाजतो. २०२३ पासून अँड्रॉइड फोनवर भारतातही ही सोय आहे, सेटिंगमध्ये जाऊन चालू आहे का बघा. डहाणूकडे मोठा भूकंप झाला तर त्या मोडतोड करणाऱ्या लाटेला बोरिवलीला यायला पंचवीसेक सेकंद लागतील. त्यातले काही सेकंद यंत्रणेचे. उरलेल्यात तुम्ही टेबलाखाली जाऊ शकता, गॅस बंद करू शकता. दहाव्या मजल्यावरून खाली पोचू शकत नाही. त्यामुळे जिन्याकडे धावू नका. (हा सल्ला आरसीसीतल्या आपल्यासाठी. दगडमातीच्या, कच्च्या घरातल्या माणसाने काय करावं, हे त्याला टेबल नसताना टेबलाखाली जा म्हणून सांगणं निर्लज्जपणा आहे. त्याला घर नीट बांधून द्यायला हवं.) पण हे पंचवीस सेकंदसुद्धा उपयोगी कधी, तर तुमच्या डोक्यावरचा स्लॅब जागेवर राहिला तर. परत प्रश्न तिथेच आला.

रिडेव्हलपमेंटची हवा आहे. आपल्या वयाचे सगळे एकतर फ्लॅट घेतायत नाहीतर आई-बाबांच्या सोसायटीच्या सभांना बसतायत. कार्पेट एरिया किती वाढवून मिळेल, कॉर्पस किती, भाडं किती, यावर आपण वकील आणतो, एक्सेल बनवतो, रात्री दोनपर्यंत ग्रुपवर भांडतो. भांडा, जरूर भांडा. फक्त त्यात तीन ओळी वाढवा. एक, स्ट्रक्चरल डिझाइन भूकंपाच्या मानकांप्रमाणे आहे का, आणि डेव्हलपरचा पगार न घेणाऱ्या दुसऱ्या इंजिनिअरने ते तपासलंय का. दोन, पार्किंगच्या मजल्याचे कॉलम त्या मजल्याचा कमकुवतपणा धरून डिझाइन केलेत का. तीन, स्लॅब भरण्याआधी सळ्या-रिंगांचे फोटो सोसायटीच्या प्रतिनिधीला मिळणार का. मॉड्युलर किचनच्या फोटोंआधी ते मागा. जुनी बिल्डिंग असेल आणि रिडेव्हलपमेंट लांब असेल, तर पुढच्या ऑडिटच्या कामात बाजूच्या धक्क्याची तपासणी लेखी घाला. कॉलमना जॅकेटिंग करता येतं, तळमजल्यावर भिंती वाढवता येतात. दोन गाड्यांची जागा जाईल. जाऊ दे.

लोक कंटाळतील, माहीत आहे. सेक्रेटरी हसतील. "मुंबईत भूकंप होत नाही" हे वाक्य परत येईल. तेव्हा वाद घालू नका, एवढंच म्हणा: बरं, हे मिनिट्समध्ये लिहून त्याखाली सही करा. मी सांगतो, कुणी करणार नाही. ज्याच्यावर सही करायला माणूस घाबरतो त्याच्यावर आपण रोज रात्री कुटुंबासकट झोपतो.

बाकी पुढच्या आठवड्यात जगात कुठेतरी ६ च्या वरचा भूकंप होईल. हे मी आजच सांगून ठेवतो. खरं ठरलं तर कृपा करून मला फॉरवर्ड करू नका.